तोंड वाकडं झालं की टेस्टची घाई, गोळ्यांना उशीर



गेल्या महिन्यात सकाळी उठल्यावर मावशीचं तोंड वाकडं झालेलं. चूळ भरता येईना, उजवा डोळा मिटेना. ‘वारं गेलं’ म्हणत गल्ली जमली. एका खासगी दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी चेहऱ्याच्या नसेची करंटची टेस्ट केली. रिपोर्ट नॉर्मल. घरचे निर्धास्त, मावशीचा चेहरा तसाच.

मेख इथेच आहे. या टेस्टमध्ये कानाखाली, नस हाडातून बाहेर येते तिथे, करंटचा झटका देतात आणि नाकाशेजारच्या स्नायूचा प्रतिसाद मोजतात. मग चांगल्या बाजूशी तुलना. पण नस सुजून दबते ती कानामागच्या हाडाच्या आत, अरुंद बोगद्यात. झटका बसतो त्याच्या पुढच्या भागाला, आणि तो भाग निकामी व्हायला साधारण 3 दिवस जातात. तोवर मशीन नॉर्मलच दाखवणार! टेस्टला अर्थ त्यानंतर, 14 दिवसांच्या आत. प्रतिसाद 90 टक्क्यांहून जास्त घटला तर प्रकरण गंभीर. आणि चेहरा थोडा जरी हलत असेल तर सहसा टेस्टची गरजच नसते.

घाई हवी ती गोळ्यांची. 2007 साली स्कॉटलंडमधल्या अभ्यासात 72 तासांच्या आत प्रेडनिसोलोन सुरू केलेले 94 टक्के लोक 9 महिन्यांत पूर्ण बरे झाले. ते न घेतलेल्यांपैकी 82 टक्के. औषध महाग नाही. (शुगर असेल तर डॉक्टरांच्या नजरेखालीच.)

मावशीला ते तिसऱ्या दिवशी मिळालं, दुसऱ्या डॉक्टरांकडे. त्यांनी आधी कपाळाला आठ्या घालायला लावल्या. मेंदूच्या झटक्यात सहसा आठ्या पडतात, यात पडत नाहीत. हातपाय लुळे वाटले किंवा बोबडी वळली तर मात्र एक मिनिट न थांबता मोठं हॉस्पिटल गाठा.

मावशीची बाजू अजिबात हलत नव्हती, म्हणून आठव्या दिवशी खरी टेस्ट हवी होती. आपल्या सरकारी दवाखान्यात मशीन आहे, ते चालवणारा माणूस नाही! जागा रिकामी. शेवटी भाड्याची गाडी करून परजिल्ह्यात नेलं. घट साठेक टक्के निघाली, म्हणजे आशा आहे. डोळ्यात थेंब घालून रात्री पट्टी लावतो.

रिकाम्या जागेबद्दल लेखी अर्ज दिलाय, पोच घेतली आहे. उत्तर आलं की इथेच टाकतो.