आईचे भाईंदर

भाईंदर हे प्रवासवर्णनात बसणारे गाव नव्हे. लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्याला विचारा, तो सांगेल, "मीरा रोड, भाईंदर, मग खाडी." चाळीस वर्षे ते गाव माझे असूनही मला त्यापलीकडे फारसे सांगता आले नसते. आई पौषात गेली आणि तिच्या दोन खोल्या विकायला म्हणून गेल्या मार्चमध्ये मी तेथे गेलो.

वडील वारले तेव्हा, १९८७ साली, मी सात वर्षांचा होतो. "वाईला परत ये," असे मामांचे पत्र आले. आईने उलट टपाली कळवले की नोकरी चर्चगेटला आहे आणि वाईहून लोकल सुटत नाही. कर्ज काढून तिने भाईंदरला जागा घेतली. नळाला पाणी रात्री-अपरात्री येई; ती पदर खोचून उभी राही. विरारच्या गाडीत चढणे हा रोजचा पराक्रम आणि भाईंदरला उतरणे हा त्याहून मोठा. १९९२ च्या मे महिन्यात पश्चिम रेल्वेने चर्चगेट-बोरिवली अशी महिलांची विशेष गाडी सुरू केली आणि पुढल्या वर्षी ती विरारपर्यंत जाऊ लागली. तेव्हापासून आई घरी येई ती गाडीतच निवडलेली मेथी घेऊन!

ती निवृत्त झाल्यावर मी तिला पुण्यास बोलावले. "तुझ्या घरी चहाचा डबासुद्धा विचारून घ्यावा लागतो रे," म्हणाली. मी तिला हट्टी म्हटले, आणखीही काही बोललो. पुढे आमचे फोन पावसापाण्यावर आले. वर्गात आईवरची कविता शिकवताना माझा गळा दाटून येतो, हे विद्यार्थ्यांत प्रसिद्ध आहे. असो. फोनवर मी विचारी, "आज काय केलंस?" उत्तर ठरलेले : "साधंच. आमटीभात."

आवरताना तिच्या कापडी पिशवीत बसच्या तिकिटांची जुडी सापडली. शाई पुसट झालेली, पण तारखा पाहिल्या तर सगळे बुधवार, आणि सगळी तिकिटे उत्तनची. दलालाला पुढल्या आठवड्यात या म्हणून सांगितले आणि तीच पिशवी घेऊन बसमध्ये बसलो.

मुर्धा, राई, मोर्वा अशी गावे मागे पडतात तशा इमारती विरळ होतात. मिठागरे दिसू लागतात. उधाणाचे पाणी आत घ्यायचे, एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवत उन्हाने दाट करायचे, तेव्हा कुठे शेवटच्या कोंडीत मीठ धरते. डोंगरी ओलांडली की वारा बदलतो, आणि मग नाकाला उत्तन कळते. किनाऱ्याला होड्या आणि बांबूंच्या मांडवांवर ओळीने सुकणारे बोंबील.

एका कोळणीने माझ्याकडे पाहिलेच नाही, पिशवीकडे पाहिले.

"बाईंची पिशवी ना? बाई कुठं हायेत?"

मी सांगितले. ती बराच वेळ टोपलीतले बोंबील उगाच सारखे करीत राहिली. मग म्हणाली, "नेहमीचे देऊ?"

वाचकहो, आमच्या घरात सात पिढ्यांत मासळी आली नव्हती! साठी उलटल्यावर बाईंनी पहिल्यांदा घेतले ते कसे तळायचे विचारूनच, असे कळले. खरेदी झाली की त्या चौकला जाऊन बसत. मीही गेलो. तेथे धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला. खाडीपलीकडे वसई दिसते. इतिहासापेक्षा मला मांडीवरच्या पुडक्याचाच विचार अधिक होता.

संध्याकाळी आईच्या स्वयंपाकघरात तवा सापडला, तेल सापडले. तिखटाचा डबा काही सापडेना. शेजारच्या काकूंना हाक मारली. त्यांनी फळीवर न बघताच हात घातला, डबा माझ्यापुढे ठेवला आणि वास घेऊन म्हणाल्या, "आज बुधवार का?"