राखोळी

'फॉस्टर' या इंग्रजी शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द कोणता, हा प्रश्न आमच्या घरी केवळ भाषेचा राहिलेला नाही. 'दत्तक' म्हणावे तर त्यात कायमचे नाते येते. 'संगोपन' म्हणावे तर मुदतीचा बोध होत नाही. गुरे राखणाऱ्यांच्या बोलीत मात्र 'राखोळी' हा जुना शब्द आहे. जनावर काही काळ दुसऱ्याच्या राखणीत ठेवायचे. राखणाऱ्याने त्याला चारायचे, दुखलेखुपले पाहायचे आणि वेळ आली की सोपवायचे. बार्शीटाकळीत गेली सात वर्षे आम्ही उभयता जे करीत आहोत, त्याला हाच शब्द मला जवळचा वाटतो. आमच्याकडे राखोळीला येतात ती टाकून दिलेली, मोठ्या जातींची कुत्री. त्यांना न्यायला मूळ मालक येत नाही. नवे घर शोधावे लागते.

ही कुत्री येतात कोठून? ग्रेट डेनचे किंवा सेंट बर्नार्डचे पिल्लू दोन महिन्यांचे असताना कुणालाही हवेसे वाटते. वर्षभरात ते माणसाच्या कमरेला लागते. त्याचे खाणे, औषधपाणी, फिरवणे घराला झेपेनासे होते. मग ते साखळीला अडकते किंवा एखाद्या रात्री हमरस्त्यावर सोडले जाते. सेंट बर्नार्ड ही तर आल्प्समधल्या बर्फाळ खिंडीतल्या मठात वाढलेली जात. कुत्र्याला माणसासारखा घाम सुटत नाही. धापा टाकूनच ते अंग निववते. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. अशा कुत्र्याला उजाडण्यापूर्वी फिरवून आणायचे आणि दिवसभर कूलरसमोर ठेवायचे, एवढेच हाती उरते. वाटेत भेटणारे हमखास विचारतात, "हे कुत्रं हाये का वासरू वो, मॅडम?"

तयारीचे काम संथ असते. उपाशी राहिलेल्या कुत्र्याला एकदम पोटभर घालणे धोक्याचे. थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा द्यावे लागते. लसी, जंतांचे औषध, नसबंदी, गोचीड-तापाची तपासणी हे सारे पशुवैद्याच्या सल्ल्याने चालते. त्यानंतरचा अभ्यास घरातला. कुकरची शिट्टी, दारावरची थाप, झाडू उचललेला हात यांना भ्यायचे नाही, हे त्याला कळावे लागते. अंगात ताकद भरण्यापूर्वीच पट्टा न ओढता चालायला शिकवावे लागते, कारण पन्नास किलोंचे प्रेमदेखील म्हाताऱ्या माणसाला जमिनीवर पाडू शकते.

नोव्हेंबर 2023 मध्ये रॉटवायलर जातीची एक मादी आली. आम्ही तिला सावळी म्हणू लागलो. पिलांच्या विक्रीसाठी तिला वारंवार व्यायला लावले असावे, असे डॉक्टरांचे मत पडले. गळ्यावर साखळीचा वण होता. पहिले दहा दिवस ती कोपऱ्यातून उठली नाही. मार्चच्या आरंभी नागपूरच्या एका कुटुंबाने तिला न्यायचे निश्चित केले. 12 मार्च 2024 रोजी केंद्र सरकारचे एक परिपत्रक निघाले. 23 जातींची कुत्री धोकादायक मानून त्यांच्या आयातीला, पैदाशीला आणि विक्रीला मनाई करावी, असे राज्यांना त्यात सांगितले होते. यादीत रॉटवायलर होती. 10 एप्रिलला कर्नाटक उच्च न्यायालयाने हे परिपत्रक रद्द ठरवले. पण तोवर त्या कुटुंबाचा नकार येऊन गेला होता. ही जात मूळची जर्मनीतल्या रॉटवाइल गावची, खाटकांची गुरे हाकणारी. गुराख्याच्या या कुत्रीला आता कुणी दारात उभे करीना.

सावळी आमच्याकडे ऑक्टोबरपर्यंत राहिली. या काळात 'ठेवूनच घेऊ' हा विचार रोज मनात येई. वर्गात भागवतातली भरताची कथा सांगताना ती मला नव्याने भिडली. नदीतून उचललेले हरणाचे पाडस राजाने वाचवले, हे योग्यच झाले. पण पुढे त्याच्या चिंतनाला दुसरा विषयच राहिला नाही, आणि मृत्यूनंतर त्याला हरणाचा जन्म घ्यावा लागला. 'शाकुंतला'चा चौथा अंक मी याच्या शेजारी ठेवून वाचते. शकुंतलेने जखमेला तेल लावून, मूठमूठ धान्य भरवून वाढवलेले पाडस तिचे वस्त्र ओढते. ती त्याला कण्वांच्या स्वाधीन करते आणि निघते. कण्वही रडतात, पण मुलगी ही परक्याची ठेव होती, ती परत केल्याने मन हलके झाले, असे म्हणतात. मुलीला ठेव मानणे आज आपल्याला पटणार नाही. मात्र राखोळीला आलेल्या जनावराच्या बाबतीत त्या उपमेत तथ्य आहे. आमच्या घरात एका वेळी एकाच मोठ्या कुत्र्याची जागा आहे. सावळी कायमची राहिली असती, तर पुढच्याला दार बंद झाले असते.

अखेर अमरावतीचे एक निवृत्त दांपत्य तीनदा येऊन तिच्यासोबत बसून गेले आणि चौथ्या खेपेस तिला घेऊन गेले. सोबत आम्ही एक वही दिली. तिच्या खाण्याच्या वेळा, औषधे, फटाक्यांची भीती, आणि शेवटच्या पानावर तिला कळणारे शब्द: बस, थांब, हळू, चल, नको, पुरे. त्यांच्या घरी हिंदी बोलतात. पण या सहा शब्दांपुरते मराठी शिकून घेऊ, असे त्या बाईंनी आपणहून सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. 'हळू'मधला 'ळ' त्यांना जमत नव्हता, पण सावळीला तो समजत होता.