उंबऱ्यावरचं कुंकवाचं बोट

रावेरच्या शिवारात शेतीची वीज बरेचदा रात्रीच येते. मोटर सुरू करून माणूस बांधावर बसतो, आणि शेवरीच्या आडोशातून वारा केळीच्या बागेत शिरतो. केळीचं पान वाऱ्यानं शिरेच्या रेघेनं फाटतं. त्याच्या चिंध्या होतात आणि प्रत्येक चिंधी वेगळी हलते. म्हणून केळीची सळसळ एका आवाजाची नसते. तिच्यात जुन्या लुगड्याचा घोळ ऐकू येतो, दबकं बोलणं ऐकू येतं आणि मध्येच कुणीतरी गुणगुणल्यासारखं वाटतं. माझी कादंबरी त्या गुणगुणण्यापासून सुरू झाली.

ती भुताची आहे आणि गाण्याची आहे. तापीकाठच्या एका बागेत एक बाई गाते. ऐकू येते, दिसत नाही. सुरुवातीला एवढंच सुचलं होतं. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचत मोठा झालेला मी, पहिल्या खर्ड्यात दारं करकरवली, कंदील विझवले, कुत्री रडवली. चाळीस पानं झाली आणि ध्यानात आलं, पानोपानी भीती आहे, पण बाईचा पत्ता नाही. ती कोण, कुणाकडून गाणं शिकली, कुणासाठी गाते, हे मलाच ठाऊक नव्हतं. जिचं नाव लेखकाला माहीत नाही, तिचं गाणं वाचकाला कसं ऐकू जाणार?

वाट सापडली ती आजीच्या आखाजीत.

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. बाकी महाराष्ट्र त्या दिवशी सोनं घेतो. खानदेश त्या दिवशी मेलेल्यांना पाणी पाजतो. कोरी घागर भरायची, तिच्यावर डांगर ठेवायचं, आंबा आणि सांजोऱ्या ठेवायच्या. चुलीतल्या निखाऱ्यांवर पुरणपोळीची, तुपाची आगारी टाकायची. त्याआधी सकाळी आजी उंबऱ्याशी बसायची. कुंकवात बोट बुडवून उंबऱ्यावर टेकवायची आणि एक नाव घ्यायची. पुन्हा बोट, पुन्हा नाव. तिच्या सासऱ्यांचं, सासूचं, दिराचं, आणि बाराव्या दिवशीच गेलेल्या तिच्या पहिल्या लेकीचंही. मला भीती वाटायची. मी विचारलं, "हे सगळे येतात का गं?" ती म्हणाली, "मेल्या मानसाले भेव नसतं दाखवायचं रे भाऊ. त्याले तहान असते."

त्याच दुपारी बाहेर लिंबाला झोके बांधलेले असत. माहेरी आलेल्या लेकी गौराईची गाणी म्हणत झोके घ्यायच्या. सासरचा जाच, भावाची वाट, आईचं घर, सगळं त्या गाण्यांत असायचं. घरात पितरांची घागर आणि दारात लेकींचा झोका, एकाच दिवशी, एकाच उंबऱ्याच्या दोन बाजूंना. लहानपणी याचं नवल वाटलं नाही. लिहायला बसल्यावर वाटलं. मेलेल्यांना बोलवायचं आणि जित्यांनी गायचं, ही दोन कामं आमच्या बायकांनी कधी वेगळी केलीच नव्हती.

मग गाणाऱ्या बाईच्या शोधात मी तापीच्या वरच्या अंगाला गेलो. रावेरहून जळगावपेक्षा बऱ्हाणपूर जवळ. जुन्या खानदेशाची, फारुकी सुलतानांची ती राजधानी. नदीपलीकडे जैनाबाद आणि तिथला आहुखाना, म्हणजे हरणांची बाग. १६३१ साली बऱ्हाणपुरात बाळंतपणात मुमताज महल गेली. आग्र्याला नेईपर्यंत सुमारे सहा महिने तिचा देह या बागेत होता. पुढे १६५३च्या सुमारास तिचा मुलगा औरंगजेब दख्खनच्या सुभेदारीवर निघाला असताना त्याच बागेत आला. मुघल चरित्रग्रंथ सांगतात की तिथे एका गाणाऱ्या बाईनं उडी मारून आंब्याच्या झाडाचं फळ तोडलं, आणि शहजाद्याचं भान हरपलं. तिचं नाव हिराबाई. इतिहासात ती राहिली मात्र जैनाबादी या नावानं, म्हणजे गावाच्या नावानं. ती लवकर वारली. ती काय गात होती, कोणत्या रागात, कोणत्या बोलीत, याची एक ओळही उरलेली नाही.

त्याच औरंगजेबानं बादशहा झाल्यावर दरबारातलं गाणं थांबवलं. इटालियन प्रवासी मनुची एक कथा सांगतो: गवयांनी रडत एक तिरडी नेली, बादशहानं विचारलं काय, ते म्हणाले संगीत मेलं, तेव्हा तो म्हणाला, नीट खोल पुरा. गाणं त्याच्या राज्यात खरोखर बंद पडलं नव्हतं, असं आजचे अभ्यासक दाखवून देतात. तरी ही कथा वाचताना मला ती तिरडी दिसत नाही, आहुखान्यातलं आंब्याचं झाड दिसतं. ज्यानं गाणं खोल पुरायला सांगितलं, त्याच्या कानात ती जैनाबादी किती वर्षं गात राहिली असेल?

आता तापीच्या खालच्या अंगाला चला. शिरपूर तालुक्यात थाळनेर. हीसुद्धा फारुकींची जुनी राजधानी, आणि लता मंगेशकरांचं आजोळ. त्यांच्या आई, माई मंगेशकर, इथल्या. लहानपणी लताबाई इथल्या आजीकडून लोकगीतं, गरबे शिकल्या. १९४९ साली 'महल' चित्रपट आला. त्यात ओसाड हवेलीत झोक्यावर बसून एक बाई गाते आणि नायकाला ती मागच्या जन्मीची वाटते. खेमचंद प्रकाश यांच्या त्या गाण्याला आवाज लांबून जवळ यायला हवा होता. म्हणून जेमतेम वीस वर्षांच्या लताबाई स्टुडिओत दूर उभ्या राहिल्या आणि गात गात मायक्रोफोनकडे चालत आल्या. हिंदुस्तानातलं सगळ्यात ओळखीचं भुताचं गाणं एका मुलीच्या पावलांनी तयार झालं आहे. पण रेकॉर्डवर तिचं नाव नव्हतं. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे पात्राचं नाव छापलं होतं, कामिनी. ऐकणाऱ्यांनी रेडिओकडे विचारणा सुरू केली, ही गाते कोण? मग नाव जाहीर झालं.

या गोष्टीपाशी मी बराच काळ थांबलो. हिराबाईचं नाव गावात विरलं, लताबाईंचं नाव काही दिवस पात्राच्या आड गेलं, आणि आखाजीची गाणी रचणाऱ्या बायकांची नावं तर कुणी कधी विचारलीच नाहीत. आवाज उरतो, नाव जातं. भूत म्हणजे दुसरं काय असतं? नाव हरवलेला आवाज. तो दारं वाजवतो तो घाबरवायला नाही, कुणीतरी विचारावं म्हणून.

भुताखेतांवर लिहिणाऱ्याला आमच्या भागात एक भान ठेवावंच लागतं. सातपुड्याच्या पाड्यांवर डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाली आहे, त्यांचे जीव गेले आहेत. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला तो अशा जखमांवरच. माझ्या गोष्टीतली बाई वाचून कुणी शेजारणीकडे संशयानं पाहू लागलं, तर ती कादंबरी फाडून टाकावी. म्हणून माझ्या पुस्तकात मांत्रिक नाही, उतारा नाही, आणि ती बाई कुणाचंही वाईट करत नाही. ती गाते आणि विचारलं जाण्याची वाट बघते.

पहिली चाळीस पानं मी बाजूला ठेवली. नवी सुरुवात उंबऱ्यापासून केली. केळीच्या बागेतला एक शेतकरी रात्री पाणी देताना गुणगुण ऐकतो. पळत नाही. विचारतो, "कोण गं बाई तू?" पुढची सगळी कादंबरी म्हणजे तिचं उत्तर आहे. घड उतरवला की केळीचं खोड कापतात आणि त्याच कंदातला पील वर येतो. हे रोज पाहणाऱ्या त्या शेतकऱ्याला गेलेल्या माणसाचं काही मागे उरतं, हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. आखाजीला उंबऱ्यावर तिच्या नावाचं बोट मी टेकवतो. तिची झोक्यावरची तीन गाणी मला येतात, पण ती तिला कुणी शिकवली हे विचारायचं राहून गेलं. ती शिकवणारी बाई आता माझ्या हाती कधीच लागायची नाही. तुमच्या घरात अजून कुणी गाणारी म्हातारी असेल, तर येत्या आखाजीला घागर भरून झाल्यावर तिच्यापाशी बसा. गाणं म्हणायला सांगा. आणि गाणं संपलं की विचारा, "हे तुला कुणी शिकवलं?" जे नाव ती सांगेल, त्याचंही एक बोट उंबऱ्यावर टेकवा.