एरवी काय झाले असते?

मराठी व्याकरणात क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे जे चार अर्थ सांगितले जातात, त्यांपैकी संकेतार्थ शिकवताना सोनपेठेत आम्हांस फारसे कष्ट पडत नाहीत. 'पाऊस पडला असता तर पीक आले असते' हे वाक्य फळ्यावर लिहिले, की समोरच्या मुलांना ते व्याकरणातले उदाहरण वाटतच नाही. ते त्यांच्या घरातले बोलणे असते. गोदावरीच्या दक्षिणेकडील या तालुक्यात सोयाबीन, कापूस आणि ऊस यांच्यावर ज्यांचे वर्ष अवलंबून, त्यांचे निम्मे संभाषण याच अर्थात चालते. पेरणी आठ दिवस थांबवली असती तर. भाव आणखी टिकला असता तर. विंचू चावला तेव्हा गाडी वेळेवर मिळाली असती तर. संकेतार्थ हे आमच्या भागातील हळहळीचे व्याकरण आहे.

विज्ञानातील अलीकडच्या संशोधनाविषयी जमेल तसे वाचत असता आम्हांस असे जाणवू लागले, की हेच प्रयोगाचेही व्याकरण आहे. भौतिकी, वातावरणशास्त्र आणि वैद्यक या तीन शाखांची साधने वेगळी, परिभाषा वेगळी, मापेही वेगळी. परंतु तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न उभा असतो: हे घडले खरे, पण आपण काही केले नसते तर एरवी काय झाले असते? या प्रश्नाची तीन उत्तरे आमच्या आसपास, महाराष्ट्राच्याच भूमीवर शोधली गेली आहेत वा जाणार आहेत. साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी त्यांकडे लक्ष द्यावे असे आम्हांस का वाटते, ते सांगण्याचा हा प्रयत्न.

प्रथम ढगांचे पाहू. दुष्काळ पडला की वर्तमानपत्रांत एक शब्द हमखास येतो: कृत्रिम पाऊस. पाठोपाठ क्रियापद येते: पाडणे. 'पाऊस पडला' आणि 'पाऊस पाडला' यांत केवळ एका कान्याचा फरक आहे, पण गेल्या पन्नास वर्षांचा सारा वाद त्या कान्यात सामावलेला आहे. विमानातून मीठ, कॅल्शियम क्लोराइड किंवा सिल्व्हर आयोडाइड यांचे सूक्ष्म कण ढगात सोडले जातात. मिठासारखे कण बाष्प ओढून घेतात, मोठे थेंब लवकर तयार होतात आणि लहान थेंबांना सामावून घेत खाली येतात. सिल्व्हर आयोडाइड अतिशीत पाण्याला बर्फाचे स्फटिक होण्यास मदत करते. कोणत्याही प्रकारात ढग आधी असावाच लागतो, तोही योग्य उंचीचा आणि पुरेशा पाण्याचा. असा ढग कित्येकदा आपण होऊनही बरसतो. मग बीजन केलेल्या ढगातून पाऊस आला, तर तो पडला म्हणायचे की पाडला?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने या प्रश्नाचा पाठपुरावा मोठ्या चिकाटीने केला आहे. १९७३ ते १९८६ या काळात अकरा पावसाळे बारामती परिसरात मिठाच्या कणांचा प्रयोग झाला. दोन क्षेत्रे ठरवून, कोणत्या दिवशी कोणत्या क्षेत्रात बीजन करायचे हे माणसाच्या मर्जीवर न ठेवता यदृच्छेवर सोपवले गेले. सरासरी वाढ सुमारे २४ टक्के निघाली. पुढे २००९ पासून याच संस्थेचा 'कायपिक्स' हा प्रकल्प सुरू झाला आणि २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूरच्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात २७६ ढगांवर त्याचा अभ्यास झाला. बीजन केलेले ढग आणि मुद्दाम न केलेले ढग यांची तुलना झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अनुकूल परिस्थितीत, वाऱ्याच्या दिशेकडील सुमारे शंभर चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास आणि काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत वाढ दिसली.

हे वाक्य वाचताना त्यातील 'अनुकूल परिस्थितीत', 'सरासरी' आणि 'काही ठिकाणी' या शब्दांवर थांबावे, अशी आमची विनंती आहे. शिवाय ही टक्केवारी २७६ ढगांच्या समूहाविषयी बोलते. त्यांतील एखाद्या ढगाकडे बोट दाखवून 'हा आम्ही पाडला' असे कोणासही म्हणता येत नाही. एका ढगाचे एरवी काय झाले असते, हे कायमचे अज्ञात राहते. अनेक ढगांचे मात्र सांगता येते, आणि तेही त्यांतील काही ढग निवड न करता तसेच सोडून दिले असतील तरच.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये मराठवाडा होरपळत असताना तेव्हाच्या औरंगाबादहून ढगांत बीजन करणारी विमाने उडाली. २०१९ मध्ये पुन्हा उडाली. या मोहिमा संकटातील उपाययोजना होत्या, चिठ्ठ्या टाकून आखलेले प्रयोग नव्हते. माणसे आभाळाकडे डोळे लावून बसलेली असताना, योग्य ढग दिसूनही तो तुलनेसाठी सोडून द्या, असे कोणत्या सरकारला सांगता येईल? तरीही त्या उड्डाणांनंतर जो पाऊस आला, तो विमानांमुळे किती आणि आपण होऊन किती, हे सांगण्याचा मार्ग त्यामुळेच बंद झाला. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि २०२५ च्या सप्टेंबरात याच मराठवाड्यात अतिवृष्टीने शिवारे बुडाली. ज्या प्रदेशाचा पाऊस स्वतःच इतका हेलकावतो, तेथे अठरा टक्क्यांचा फरक उघड्या डोळ्यांना दिसणे शक्य नाही.

ढगाला सोडून देणे निदान कल्पनेत तरी शक्य आहे. रुग्णाचे काय?

डॉ. हिंमतराव बावस्कर हे नाव मराठी वाचकांस 'बॅरिस्टरचं कार्टं' या आत्मकथनामुळे ठाऊक आहे. मराठवाड्याच्याच जालना जिल्ह्यातील देहेड या गावचा हा माणूस १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला आणि लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, मरताना पाहू लागला. विंचवाच्या विषाने मज्जातंतूंतील सोडियमचे मार्ग उघडे राहतात, शरीरात उत्तेजक संप्रेरकांचा पूर येतो, रक्तदाब भडकतो, हृदयावर ताण पडतो आणि फुप्फुसांत पाणी भरते. रक्तवाहिन्यांना आवळणारी ही आज्ञा ज्या ग्राहकांमार्फत पोहोचते, ते प्राझोसिन या रक्तदाबावरील स्वस्त गोळीने रोखता येतात, हे बावस्करांनी ओळखले. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी ते मांडले. प्राझोसिनपूर्व काळात गंभीर रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते. पुढे ते एक टक्क्याच्या आसपास आले.

येथे चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या. निम्म्या मुलांना गोळी द्यावी आणि निम्म्यांना देऊ नये, असा प्रयोग कोणी केला नाही, आणि करू नये हेच योग्य होते. परंतु फरकच एवढा प्रचंड होता, की आधी दगावलेल्यांनीच तुलनेची बाजू उभी केली. एरवी काय झाले असते, याचे उत्तर गावोगावच्या घरांत आधीच लिहिलेले होते. अठरा टक्क्यांचा फरक आणि तिसातून एकावर येणारा फरक यांना पुराव्याची एकच मोजपट्टी लावता येत नाही, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते.

यापुढची पायरी मात्र अधिक बोधप्रद आहे. विंचवाच्या विषावर प्रतिविष उपलब्ध झाले, तेव्हा प्रश्न उभा राहिला की प्राझोसिनबरोबर ते दिल्यास अधिक लाभ होतो का. हा फरक मृत्यू आणि जीवन यांच्यातला नव्हता. बरे होण्याच्या वेगाचा होता. तेथे अंदाज पुरेसा नव्हता. महाडमध्ये सत्तर रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत वाटणी झाली. प्राझोसिन सर्वांनाच मिळाले. पस्तीस जणांना सोबत प्रतिविषही मिळाले. दहा तासांत पूर्ण बरे झालेले, प्रतिविष मिळालेल्यांपैकी ३२ आणि केवळ प्राझोसिन मिळालेल्यांपैकी ८. हा अहवाल २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. जे गुणकारी ठाऊक आहे ते कोणापासूनही न काढता, जे ठाऊक नाही तेवढ्यापुरतीच चिठ्ठी टाकायची: नीती आणि पद्धती यांचा मेळ इतका साधा असू शकतो. दुष्काळातील ढगांविषयीही हाच विचार करता येईल. जे गुणकारी असल्याचे ठरलेलेच नाही, ते काही ढगांना न देणे ही वंचना ठरत नाही. उलट पुढच्या दुष्काळासाठी ती पुंजी ठरते.

तिसरे उदाहरण सोनपेठहून सरळ रेषेत सुमारे ऐंशी किलोमीटरवर, औंढा नागनाथजवळ आकारास यायचे आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा झाला, तोवर औंढा आमच्याच परभणी जिल्ह्यात होते. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरल्याची कथा सांगणाऱ्या या गावाच्या परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभारण्यासाठी २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या, काटकोनात असलेल्या दोन भुजांमधून लेसरचा प्रकाश धावेल आणि अवकाशाची लहर गेल्यास भुजांच्या लांबीत होणारा फरक मोजला जाईल. तो फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या अंशाइतकाही नसतो. जमिनीची थरथर, रस्त्यावरची वाहने, वारा हे सारे त्याहून कितीतरी मोठे. २०२४ मध्ये हिंगोली-परभणी भागाला जाणवलेल्या भूकंपाच्या धक्क्यांची तर गोष्टच नको. तेव्हा कोणतीही थरथर टिपली गेली, की पहिला प्रश्न तोच: लहर आली नसती तरी हे दिसले असते का?

अमेरिकेतील दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर विलक्षण रीतीने शोधले गेले. दोन्ही केंद्रे एकमेकांपासून सुमारे ३,००० किलोमीटरवर; प्रकाशाच्या वेगाने येणारी लहर दोहोंत फार तर दहा सहस्रांश सेकंदांच्या अंतराने उमटेल. संशोधकांनी एका केंद्राची नोंद दुसरीच्या तुलनेत मुद्दाम त्याहून अधिक सरकवली. आता जे काही जुळेल ते केवळ योगायोगाने जुळेल, खरी लहर त्यात असूच शकत नाही. हे सरकवणे पुन:पुन्हा करून त्यांनी सोळा दिवसांच्या नोंदींतून सहा लाखांहून अधिक वर्षांचा योगायोग तयार केला. तसा संकेत निव्वळ गोंगाटातून दोन लाख तीन हजार वर्षांत एकदाही अपेक्षित नाही, असा त्यातून हिशेब निघाला. ज्या एकाच घटनेला जोडीची दुसरी घटना नव्हती, तिच्यासाठी त्यांनी एक संपूर्ण 'एरवी' रचला. गोंगाटातून ओळखीची आकृती वेचण्याच्या या शास्त्रात पुण्याच्या 'आयुका'चे संजीव धुरंधर यांनी बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह १९९१ पासून केलेले काम पायाभूत मानले जाते. जानेवारी २०२५ मध्ये टिपलेला संकेत तर इतका स्वच्छ होता, की दोन कृष्णविवरे एक झाल्यावर त्यांचे एकूण पृष्ठफळ घटत नाही, हा हॉकिंग यांचा सिद्धांत त्यावरून पडताळता आला.

याच संशोधकांची आणखी एक रीत समीक्षेच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. सप्टेंबर २०१० मध्ये निवडक लोकांनी उपकरणात गुपचूप एक खोटा संकेत सोडला. बाकीच्यांनी तो शोधला, महिनोन् महिने तपासला, शोधनिबंधही लिहून तयार केला. मार्च २०११ मध्ये पाकीट उघडले, तेव्हा तो बनावट असल्याचे कळले. हे घडू शकते, हे सर्वांस आधीच ठाऊक होते. आपल्या वाचनाची अशी परीक्षा आपणच मांडावी, ही शिस्त आम्हां साहित्याच्या लोकांत क्वचितच दिसते. कवितेत आम्हांस सापडलेला अर्थ कवितेत होता, की कवीचे नाव ठाऊक नसते तर तो आम्हांस दिसलाच नसता, हा प्रश्न आम्ही किती वेळा विचारतो?

आणि तरीही या व्यवहारात आमचे एक काम आहे, जे दुसरे कोणी करणार नाही. संशोधन प्रयोगशाळेतून निघते तेव्हा ते सशर्त वाक्यांत असते. गावापर्यंत पोहोचते तेव्हा अटी गळून स्वार्थाचे वाक्य उरते. 'अनुकूल परिस्थितीत सरासरी वाढ दिसली' याचे 'पाऊस पाडता येतो' होते. पुढल्या दुष्काळात याच वाक्यावर कोणी आशा बांधतो, कोणी निविदा काढतो, आणि विमान येऊनही पाऊस आला नाही, की 'सगळे खोटे' म्हणून तोच माणूस खऱ्या औषधावरचाही विश्वास टाकतो. विंचू चावलेल्या मुलाला दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे नेणारा बाप अडाणी असतोच असे नाही. पुष्कळदा मोठ्या वाक्यांनी त्याला आधी फसवलेले असते.

म्हणून संकेतार्थाचा तास आम्हांस दिवसेंदिवस अधिक मोलाचा वाटतो. 'जर', 'तर', 'असता', 'सरासरी', 'बहुधा' हे शब्द म्हणजे वाक्याची दुर्बलता नव्हे. वाक्य जितके ठाऊक आहे तितकेच बोलते आहे, याची ती खूण आहे. सोनपेठेच्या मुलांना हा अर्थ हळहळीतून आधीच येतो. बातमी वाचताना, औषध घेताना, आश्वासन ऐकतानाही तो त्यांना वापरता यावा आणि 'एरवी काय झाले असते?' हे त्यांनी निर्भयपणे विचारावे, एवढे जरी मराठीच्या वर्गातून साधले, तरी भाषेच्या शिक्षणाने विज्ञानाचे देणे काही अंशी फेडले असे आम्ही म्हणू.