चंचलाचे चित्र

पेशीपटलावरील ग्राहींच्या अभ्यासात उमेदीची वर्षे घालविणाऱ्याला एक विसंगती अखेरपर्यंत सोबत करते : ज्या प्रथिनाचे सारे कर्तृत्व त्याच्या हालचालीत, त्याचे रूप दिसावे म्हणून आधी ती हालचालच बंद करावी लागते.

अ‍ॅड्रेनालिनचा संदेश स्वीकारणारा बीटा-२ ग्राही हा याचा ठळक दाखला होय. मेदाच्या पटलातून मळसूत्राच्या आकारात सात वेळा आरपार जाणारी ही प्रथिनसाखळी पटलापासून अलग करताच पाण्यात गुठळी होऊन निकामी होते, म्हणून तिला डिटर्जंटच्या आवरणात जपावे लागते. पण तेथेही जिची चुळबूळ थांबत नाही, ती स्फटिकाची शिस्त कशी मानणार? २००७ साली ब्रायन कोबिल्का, रेमंड स्टीव्हन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या आतल्या बाजूचा एक अतिचंचल भाग वगळून तेथे लायसोझाइम हे घट्ट बांध्याचे प्रथिन बसविले, वर कॅराझोलॉल हे तिला शांत ठेवणारे द्रव्य दिले, तेव्हा कोठे ती क्ष-किरणांपुढे स्थिर झाली. संदेश पेशीत पुढे नेणाऱ्या जी-प्रथिनाला बिलगलेले सक्रिय रूप पाहण्यास २०११ साल उजाडावे लागले, आणि तेही लामाच्या प्रतिपिंडापासून घडविलेल्या तुकड्याने ती जोडी बांधून ठेवल्यावर. दोन्ही आकृत्या ताडून पाहाव्यात तर वर, द्रव्य बसते त्या खोबणीत, फरक जेमतेम दोन अँगस्ट्रॉमचा, आणि आत सहाव्या मळसूत्राचे टोक मात्र सुमारे चौदा अँगस्ट्रॉम बाहेर सरकलेले!

एवढ्यावरून कोणासही वाटावे, की संप्रेरकाने वरून फर्मान काढले आणि ग्राहीने आत त्याची बिनतक्रार तामिली केली. परंतु ग्राहीला फ्लोरिनची खूण लावून द्रावणात त्याची चलबिचल टिपणाऱ्या प्रयोगांची जबानी निराळी आहे. संप्रेरक नसतानाही ग्राही अगदीच निष्क्रिय नसतो. संप्रेरक बसल्यावरही सर्व रेणू सक्रिय रूप धारण करीत नाहीत. ते रूप पक्के होते ते जी-प्रथिन आतून येऊन भिडल्यावरच. वरचा हुकूम असा आतल्या मंजुरीवाचून अंमलात येत नाही. दम्याचा रुग्ण ओढतो ते साल्ब्युटामॉल याच ग्राहीला अंशतःच का जागे करते, याचे उत्तरही कोणा एका आकृतीत नव्हे, तर अनेक रूपांच्या बदलत्या प्रमाणात शोधावे लागते.

म्हणून तरुण सहकारी नवी आकृती घेऊन आला, की तिच्या रेखीवपणाचे कौतुक मी थोडे लांबणीवर टाकतो, आणि काय कापले, काय जोडले, कोणत्या द्रव्याने ग्राहीला जखडले, याची कैफियत आधी मागतो. कारण स्थैर्यासाठी दिलेली किंमत ठाऊक असल्यावाचून त्या स्थैर्यावरून गतीविषयी अनुमान काढण्याचा अधिकार आमच्या धंद्यात कोणालाही नाही.