केमो घरी आली, विचारपूस कधी येणार?

केमो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सलाईन आणि दवाखान्यातली खाट येते. पण आता अनेकांची केमो गोळ्यांच्या रूपात, पिशवीतून, एसटीने घरी येते. म्हाताऱ्या माणसाच्या फेऱ्या वाचतात, हे चांगलंच. पण घरी आल्यावर त्या गोळ्यांचं काय होतं? गेल्या काही महिन्यांत तालुक्यातल्या अशा सात-आठ घरांत जाऊन बसलो, म्हणून हे लिहितोय.

एका गावातल्या सत्तरीपुढच्या काकू. आतड्याच्या कॅन्सरसाठी कॅपेसिटाबिन. या गोळीचा नेहमीचा हिशेब म्हणजे सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, १४ दिवस घ्यायची, ७ दिवस बंद. मध्येच एकादशी आली. जेवण नाही म्हणून गोळी नाही. दुसऱ्या दिवशी काकू राहिलेलीही धरून दुप्पट घेणार होत्या, सुनेने अडवलं म्हणून बरं. पुढे तळपाय लाल होऊन सोलायला लागले. घरच्यांनी ठरवलं, उष्णता! सब्जा, ताक, पायाला खोबरेल, आणि गोळ्या चालूच. खरं तर तळहात-तळपाय सोलणं हा या औषधाचा माहीत असलेला त्रास आहे. वेळेत कळवलं तर डॉक्टर औषध थांबवतात किंवा डोस कमी करतात. पण कळवायचं कुणाला? हॉस्पिटल दीडशे किलोमीटरवर आणि फायलीवरचा फोन कायम एंगेज.

दुसरीकडे तोंडाच्या कॅन्सरचे आजोबा. त्यांना मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच. ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. चिठ्ठी इंग्रजीत, आजोबा मराठी चौथी पास. आजींनी पाकीट देव्हाऱ्यात ठेवलंय, फक्त सोमवारी काढतात. आजोबा सुखरूप आहेत ते आजींच्या या शिस्तीमुळे.

तिसऱ्या घरी गिळता येत नाही म्हणून गोळी खलबत्त्यात कुटत होते. त्याच खलबत्त्यात आलं-लसूण! ही औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुटायची-फोडायची नसतात. त्यांची भुकटी धडधाकट माणसालाही बाधते, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिने गोळीला हातसुद्धा लावू नये.

यात या घरांना अडाणी म्हणू नका. टीबीच्या गोळ्या नीट जाव्यात म्हणून सरकारने डॉट्स आणलं, गोळीवर लक्ष ठेवणारा माणूस गावातच दिला. तिशीपुढच्या सगळ्यांचा फॉर्म भरायला, कॅन्सरची लक्षणं विचारायला आशाताई दारात येतात. पण कॅन्सर सापडून गोळ्या सुरू झाल्या की विचारायला कुणी नाही. तीन आशाताईंशी बोललो. तिघी म्हणाल्या, "दादा, आम्हाला त्याचं ट्रेनिंगच नाही." महात्मा फुले योजना आहे, २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान कार्ड आहे. पण कार्ड बिल भरतं, उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते सांगत नाही.

मागणी फार मोठी नाही. गोळ्यांबरोबर मराठीत, मोठ्या अक्षरात चिठ्ठी द्या. उपजिल्हा रुग्णालयात उचलला जाणारा एक फोन ठेवा. आशाताईंना ट्रेनिंग आणि मोबदला देऊन आठवड्याला चार प्रश्न विचारायला लावा: ताप? जुलाब? तोंड आलंय? गोळी चुकली?

तोवर आपल्या हातात एवढं आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोळीच्या आणि सुट्टीच्या दिवसांच्या खुणा करा. राहिलेली गोळी दुप्पट करून घेऊ देऊ नका. ताप १००.४ वर गेला किंवा जुलाब थांबेनात, तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा.

तुमच्या घरात, गल्लीत असं कुणी असेल तर मला मेसेज करा. नाव कुठेही छापणार नाही. गावागावातला आकडा घेऊन तालुका आरोग्य अधिकाऱ्यांसमोर बसायचं आहे. नुसतं "लोकांना त्रास होतो" म्हटलं तर चहा पाजून परत पाठवतात.