हाकेला ओ

चोर्ला घाट चढून बेळगावला जाणं आम्हा गोवेकरांना नवं नाही. लग्नाचा बस्ता बांधायला आपण तिथे जातो, येताना कुंदा आणतो, आणि घरात कुणाचं दुखणं वाढलं की त्याच वाटेने इस्पितळही गाठतो. गेल्या श्रावणात मी गेलो तो मात्र निपाणीच्या मावशीसाठी. ती तवंदी घाट चढून संकेश्वरमार्गे आली, मी चोर्ला चढून गेलो, आणि बेळगावात आमची गाठ पडली.

मावशी मूळची आमच्या सत्तरीतली. १९८१ साली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्ग अडवून धरला, तेव्हा ती नुकतीच तिथे नांदायला गेली होती. शेतात तंबाखू, अंगणात तंबाखू, आणि सकाळी दातांना लावायला मिसरी, असं तिचं आयुष्य गेलं. यंदा भाकरीचा घास छातीत अडकायला लागला, तेव्हा आम्हा सगळ्यांच्या मनात एकच शब्द आला. तो कुणी उच्चारला नाही, एवढंच.

अन्ननलिकेत दुर्बीण घालून पाहायला हवं होतं. त्याआधी एका ठिकाणी प्रयत्न झाला होता. घशात बधिर करणारा फवारा मारून, बाकी काही न देता. पुष्कळ माणसं तेवढ्यावर निभावून नेतात. मावशीला मात्र अशी उबळ आली की तिने हातानेच नळी ओढून काढली. तिला दोष कसा देणार? १८६८ साली जर्मनीत कुसमाउल या डॉक्टरला पोटात सरळ नळी घालून पाहायची होती, तेव्हा त्याने तलवार गिळणारा खेळवालाच गाठला होता! १९५७ साली अमेरिकेत हिर्शोविट्झने काचतंतूंची वाकणारी दुर्बीण आणली आणि काम सुसह्य झालं. पण घसा माणसाचाच राहिला.

बेळगावचे डॉक्टर म्हणाले, "या वेळी थोडी गुंगी देऊ." आमच्यातल्याच कुणीतरी मावशीला सांगितलं, "भूल देणार आहेत." झालं! मावशी बाकावरून उठली.

"मला भूल नको रे बाबा. तुझ्या काकांना दिली व्हती, ते परत उठलेच न्हाईत."

हे खरं होतं. काकांचं दुखणं वेगळं, शस्त्रक्रिया मोठी. पण तिच्या लेखी ते भुलेतच गेले. आणि आपला शब्दही असा की त्यात चूकही आहे, विसरणंही आहे, चकवाही आहे. सहीचा कागद कन्नड आणि इंग्रजीत होता. मावशी मराठी चौथी शिकलेली. डॉक्टरांनी तो मराठीत वाचून दाखवला, ती ऐकत राहिली, पण हात काही पुढे येईना.

तिला समजावलं ते तिथल्या नर्सने. तिशीची मुलगी, घरची भाषा कन्नड, मराठी नोकरीत शिकलेली. ती मावशीसमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "आजी, भूल नाही, गुंगी. मी हाक मारणार, तुम्ही ओ द्यायची. ओ दिली नाही तर डॉक्टर थांबणार."

मावशी काही कच्ची नाही. तिने विचारलं, "तोंडात नळी असताना ओ कशी देऊ गं?"

"मग माझा हात दाबा."

मावशीने तिथल्या तिथे तिचा हात दाबून पाहिला, आणि सही केली.

नंतर मी डॉक्टरांना विचारलं तेव्हा कळलं की त्या मुलीने वैद्यकातली व्याख्याच सांगितली होती. गुंगीपासून पूर्ण भुलेपर्यंत चार पायऱ्या मानतात. पहिलीत माणूस फक्त सैलावतो. दुसरी ही मध्यम गुंगीची: हाक मारली किंवा हलकेच हात लावला की माणूस समजून प्रतिसाद देतो, श्वास आपला आपण घेतो. तिसरीत तो वारंवार हलवल्याशिवाय किंवा दुखवल्याशिवाय जागा होत नाही, श्वासाला मदत लागू शकते. चौथी पूर्ण भूल. पायऱ्या म्हटलं तरी त्यांना कठडे नाहीत. तेच औषध एखाद्याला एक पायरी खाली नेतं, म्हणून वयस्कर माणसाला थोडं थोडं देऊन वाट पाहतात. उतारा म्हणून दुसरं औषधही हाताशी ठेवतात.

२०२० च्या कोविडपासून बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आपल्या घराघरांत पोचला. तोही तिथे असतोच. पण नाकाला ऑक्सिजन लावलेला असला की श्वास मंदावला तरी आकडा काही काळ चांगलाच दिसत राहतो. यंत्राला उशिरा कळतं. म्हणून छातीकडे बघायचं आणि हाक मारायची. आता ही हाक पेशंटला कळत नसलेल्या भाषेत मारली आणि तो गप्प राहिला, तर तो खोल गेला की त्याला नुसतं समजलंच नाही, हे कसं ठरवायचं? सीमाभागात भाषेवरून पुष्कळ बोललं गेलं आहे. हा प्रश्न मला त्या बाकावर बसेपर्यंत सुचला नव्हता.

तपासणीनंतर मला आत बोलावलं. मावशी कुशीवर निजली होती. नर्स तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "आजी, डोळे उघडा." काही नाही. पुन्हा जरा मोठ्याने, "आजी!"

मावशीने डोळे न उघडताच कपाळाला आठी घातली. "कित्याक गो उलो मारता?"

चाळीसहून अधिक वर्षं निपाणीत काढलेली बाई सत्तरीच्या घरात जाऊन आली होती. नर्सने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाल्या?"

"का हाक मारतेस म्हणून विचारतेय. आमच्याकडे हाकेला उलो म्हणतात."

"चालतंय," ती हसून म्हणाली, "ओ दिली ना!" आणि तिने कागदावर वेळ लिहिली.

तासाभराने मावशी नीट बसली आणि विचारू लागली, "दुर्बीण कधी घालणार?" तिला काहीच आठवत नव्हतं. गावच्या अवसरासारखंच हे. काय बोललो ते नंतर दुसऱ्यांनी सांगायचं. डॉक्टरांनी मला तेवढ्यासाठीच बजावलं होतं, "आत्ता सांगाल ते त्यांच्या लक्षात राहणार नाही. संध्याकाळी पुन्हा सांगा, लिहून द्या. आणि चोवीस तास त्यांची कशावर सही घेऊ नका."

मी मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलं: आम्लाने अन्ननलिका खालच्या बाजूला अरुंद झाली आहे, तुकडा तपासायला घेतला आहे. आठवड्याने अहवाल आला. तो शब्द त्यात नव्हता. त्या दिवशी निपाणीत आणि सत्तरीत दोन्हीकडे फोन वाजत राहिले.

अरुंद जागा रुंदावण्यासाठी मावशीला पुन्हा बेळगावला जावं लागणार होतं. पुन्हा गुंगी घ्यायची आहे, असं मी भीत भीतच फोनवर सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांत.

"मावशी?"

"ओ. ऐकतेय रे. ती पोरगी असंल न्हवं हाक मारायला?"